खोटं पचतं ते ऐकणाऱ्यामुळे

‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ ही खोटं पकडायची घरोघरची परीक्षा. ती आपल्यापुरती नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ७५ देशांतल्या लोकांची मतं गोळा केली होती: समोरचा खोटं बोलतोय हे कशावरून ओळखता? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर एकच, तो नजर चुकवतो. एवढं जागतिक एकमत क्वचितच कशावर होत असेल, आणि ते चुकीचं आहे. नजर, अडखळणं, हातांची चुळबुळ, यांपैकी कशाचाही खोटेपणाशी भरवशाचा संबंध संशोधकांच्या हाती लागलेला नाही. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात सुमारे २४ हजार लोकांनी दिलेले निवाडे होते. खरं-खोटं ओळखण्यात माणसं बरोबर ठरली ती शंभरात ५४ वेळा. नुसता छापा-काटा केला असता तरी ५० वेळा बरोबर आलं असतं. ज्यांचा रोजचा धंदाच थापा ऐकण्याचा, त्या पोलिसांचे आणि तपास अधिकाऱ्यांचे आकडेही फारसे वेगळे नव्हते.

यावरून कुणी म्हणेल, खोटं बोलणारे भलतेच हुशार असतात. मला ते पटत नाही. खोटं पचतं याचं श्रेय बोलणाऱ्याच्या हुशारीला फार थोडं जातं. बहुतेक काम ऐकणारा स्वतःच करून देतो. आणि हे एकदा मान्य केलं, की ‘खोटं कधी चालेल’ या जुन्या प्रश्नाचं उत्तरही बोलणाऱ्याच्या हेतूत शोधण्याऐवजी ऐकणाऱ्याच्या बाजूला जाऊन शोधावं लागतं. पण आधी पहिला भाग.

पटण्याजोगं खोटं बोलायला काय लागतं, ते लहान मुलांकडे पाहिलं की नीट कळतं. व्हिक्टोरिया टालवार आणि कांग ली या संशोधकांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, ‘वळून बघायचं नाही हं’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं वळून बघतातच. परत आल्यावर ‘बघितलंस?’ असं विचारलं, की बघणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांपैकी निम्मी ‘नाही’ म्हणतात; त्याहून मोठी बहुतेक सगळीच ‘नाही’ म्हणतात. खरी गंमत पुढच्या प्रश्नाला येते. ‘मग काय असेल बरं ते?’ लहानगी खेळण्याचं नाव सांगून मोकळी होतात. सहा-सात वर्षांची बरीच मुलं मात्र ‘काय माहीत!’ असा चेहरा करतात. दोघांच्या जिभेत फरक नाही. फरक एवढाच, की मोठ्या मुलाला कळलंय की आपल्याला काय माहीत असायला हवं आणि काय नको, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं आहे. पहिल्यांदा थाप पकडली गेली की आईबाप हवालदिल होतात, पण दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे कळू लागल्याशिवाय मुलाला धड थाप मारताच येत नाही.

मोठेपणी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते. अमेरिकी संशोधक टिमोथी लेव्हाइन यांचं म्हणणं असं, की माणूस ऐकताना मुळात खरंच धरून चालतो. संशय घ्यायला त्याला काहीतरी कारण लागतं. हा बावळटपणा नव्हे. लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १००० अमेरिकी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. गेल्या २४ तासांत किती वेळा खोटं बोललात, असा प्रश्न होता. ६० टक्के लोकांनी एकदाही नाही असं सांगितलं, आणि एकूण खोट्यापैकी जवळजवळ निम्मं फक्त ५ टक्के लोकांच्या तोंडून आलेलं होतं. खोटं बोलण्याबद्दलच्या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात यावर कसा विश्वास ठेवायचा, ही शंका रास्त आहे. (या क्षेत्रावर थोडी शंका घ्यावीच. प्रतिज्ञेखालची सही फॉर्मच्या तळाऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक जास्त प्रामाणिक वागतात, असं सांगणारा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ साली मागे घ्यावा लागला, कारण त्यातले आकडेच बनावट निघाले.) तरीही एकूण चित्र अनुभवाशी जुळतं. दिवसभरात आपण जे ऐकतो त्यातलं बहुतेक खरंच असतं. दूधवाल्याचा हिशोब, रिक्षावाल्याने सांगितलेला रस्ता, औषधाच्या दुकानातली सूचना, प्रत्येक ठिकाणी पुरावा मागत बसलो तर जगणं ठप्प होईल. म्हणून आपण विश्वास ठेवतो, आणि खोटं बोलणारा याच विश्वासाच्या भांडवलावर व्यापार करतो. भांडवल त्याचं नसतं. इतर हजारोंनी खरं बोलून ते साठवलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धातली ‘ऑपरेशन मिन्समीट’ ही मोहीम याचा नमुना म्हणून पाहण्याजोगी आहे. ३० एप्रिल १९४३ रोजी ब्रिटिश पाणबुडीने स्पेनच्या हुएल्वा गावाजवळ समुद्रात एक प्रेत सोडलं. अंगावर मेजर विल्यम मार्टिन या अस्तित्वात नसलेल्या अधिकाऱ्याचा गणवेश होता आणि सोबतच्या बॅगेत वरिष्ठांची पत्रं. दोस्त राष्ट्रांचा हल्ला सिसिलीवर होणार नसून ग्रीस आणि सार्डिनियावर होणार आहे, असं त्या पत्रांवरून वाटावं. पण खरी मेहनत खिशांवर घेतलेली होती. नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, वाङ्‌निश्चयाच्या अंगठीचं बिल, प्रेयसीचा फोटो आणि तिची पत्रं, खात्यातून जास्त पैसे उचलल्याबद्दल बँकेने धाडलेलं नाराजीचं पत्र. प्रेमपत्रं वारंवार वाचल्यासारखी दिसावीत म्हणून ती पुन्हा पुन्हा घडी घालून, खिशात बाळगून मळवलेली होती. हे तपशील छानच आहेत, सांगणाऱ्याला सांगताना मजा येते. पण ही थाप पचली ती त्यांच्यामुळे नव्हे. हल्ला बाल्कनकडून होईल ही भीती हिटलरच्या मनात आधीपासून होती. रुमानियाच्या तेलाची त्याला काळजी होती. पत्रांनी त्याला नवं काहीच सांगितलं नाही, त्याचंच म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. जर्मनीने फ्रान्समधली एक चिलखती तुकडी ग्रीसला हलवली, आणि १० जुलैला दोस्तांच्या फौजा सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरल्या.

आग्र्याची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको, पण तिच्याकडे या नजरेने पाहायला हरकत नाही. १६६६ च्या उन्हाळ्यात औरंगजेबाच्या पहाऱ्यात अडकलेल्या शिवाजी महाराजांनी आजारपणाचं सोंग घेतलं आणि साधू-ब्राह्मणांना, फकिरांना मिठाईचे पेटारे धाडायला सुरुवात केली. १७ ऑगस्टला ते निसटले. पेटाऱ्यातून गेले की वेष पालटून चालत गेले यावर इतिहासकारांत वाद आहे, मात्र डाव कसा रचला याबद्दल तो नाही. सुरुवातीला पहारेकरी पेटारे उघडून बघत. रोज बघायचं आणि रोज मिठाईच निघायची. शेवटी त्यांनीच बघणं सोडलं. पहाऱ्यातल्या शिपायाचा कंटाळा ही या योजनेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू होती आणि ती शिपायांनी स्वतः आणून दिली. पुढे राजगडावर पोचल्यावर महाराजांनी नऊ वर्षांचे संभाजीराजे वाटेतच वारल्याची आवई उठवली. मागे मथुरेत ठेवलेल्या मुलाचा शोध त्यामुळे थंडावला. एवढ्या धावपळीत लहान मूल दगावणं त्या काळी कुणालाही अशक्य वाटलं नसतं.

आजचे भामटे याच रस्त्याने जातात. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार घ्या. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत असा फोन येतो, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला ‘अधिकारी’, मागे पोलिस ठाण्याचा देखावा, कुणाला सांगाल तर अटक वाढेल असा दम, आणि शेवटी ‘पडताळणीसाठी’ पैसे अमुक खात्यात वळवण्याचा हुकूम. असली अटक भारतीय कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तसं सांगितलं, तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तरी शिकलेसवरलेले लोक अडकतात. त्यांना लोक हसतात. हसू नये. सराईत गुन्हेगाराला असा फोन आला तर तो शिवी हासडून ठेवून देईल. यात सापडतो तो कायद्याला घाबरणारा, आयुष्यभर रांगेत उभा राहिलेला, निवृत्त माणूस. त्याचा सरळपणाच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. मग बचाव कशात? चेहरा वाचण्यात नक्कीच नाही. यंत्रातही फारसा नाही: पॉलिग्राफ खोटं मोजत नाही, घाम आणि नाडी मोजतो. सोव्हिएत संघाला गुपितं विकणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स ती चाचणी दोनदा पार करून गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ या चाचण्या संशयिताच्या संमतीविना करता येणार नाहीत असं ठरवलं, तेही योग्यच झालं. ब्रिटनमध्ये काम करणारे संशोधक आल्डर्ट व्रिज यांच्या कामातून निघालेली गोष्ट जास्त कामाची आहे. खोटं बोलणारा तपशील भरपूर देतो, पण ताडून बघता येतील असे तपशील टाळतो. म्हणून माणसाकडे निरखून बघत बसण्यापेक्षा फोन ठेवावा आणि ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारावं.

आता दुसरा भाग. खोटं ऐकणाऱ्याच्या विश्वासावर चालत असेल, तर ते क्षम्य आहे की नाही हेही त्याच्याच जागी उभं राहून ठरवायला हवं. १९७८ साली सिसेला बोक यांनी खोट्यावर लिहिलेल्या पुस्तकात याच्या जवळचा मुद्दा मांडला आहे: बोलणारा आपल्या खोट्याचे फायदे नेहमी वाढवून मोजतो आणि तोटे कमी करून, कारण हिशोब त्याच्या एकट्याच्या वहीत असतो, म्हणून ज्याला फसवायचं त्याच्यासकट सगळ्या समंजस माणसांसमोर ते खोटं उघडपणे मांडून समर्थन करता येतं का, हे पाहावं. मी ते असं म्हणेन: सगळं उघड झाल्यावर ऐकणारा माझ्याकडे विश्वासभंगाची तक्रार घेऊन येऊ शकेल का? तक्रारीला त्याच्याकडे जागाच नसेल तर खोटं चालेल. जागा असेल, तर माझा हेतू कितीही चांगला असो, मी त्याचं काहीतरी न विचारता घेतलं आहे.

यावर सर्वांत कडक आक्षेप इमॅन्युएल कांटचा. १७९७ च्या एका निबंधात त्याने लिहिलं, की दारात आलेल्या खुन्याने ‘तुझा मित्र घरात आहे का’ असं विचारलं तरी खोटं बोलण्याचा अधिकार माणसाला नाही. कारण एकदा अपवाद केला की बोलण्यावरचा विश्वासच, आणि त्यावर उभे सगळे करार, डळमळतात. आपल्याकडे महाभारताने ही गोष्ट आधीच दुसऱ्या बाजूने सांगून ठेवली आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या सत्यव्रती तपस्व्याची कथा सांगतो. दरोडेखोरांपासून पळालेली माणसं कुठल्या झाडीत लपली, ते दरोडेखोरांनी विचारताच त्याने खरंखरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात असल्याच पेचांची चर्चा केली आहे आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञही असे अपवाद मानतात, हे दाखवून दिलं आहे. कांटच्या भीतीत तथ्य आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. शस्त्र घेऊन आलेला माणूस विश्वासाच्या व्यवहारातून स्वतःच बाहेर पडलेला असतो. ‘माझ्याशी खोटं का बोललास’ असं तो विचारू शकत नाही. आग्र्याचा पहारेकरीही विचारू शकत नाही.

इथे शहाणा वाचक म्हणेल, की मग प्रत्येक लबाड समोरच्याला दरोडेखोर ठरवेल. कर चुकवणारा सरकारला ठरवेल, कॉपी करणारा विद्यापीठाला. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हे ठरवणं प्रसंग आल्यावर, एकट्याने, गुपचूप होता कामा नये. युद्धाचे नियम याबाबतीत घरगुती नीतीपेक्षा स्पष्ट आहेत. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने हुलकावणी आणि दगा यांत रेघ ओढली. खोटे रणगाडे उभे करणं, खोट्या हालचाली, खोटी माहिती पसरवणं याला परवानगी आहे. मिन्समीट त्यातच बसतं. पण पांढरं निशाण दाखवून जवळ बोलवायचं आणि मारायचं, जखमी असल्याचं सोंग घेऊन वार करायचा, याला बंदी आहे. शत्रू दोन्हीकडे तोच. फरक असा, की पांढऱ्या निशाणावर शत्रूनेही विश्वास ठेवावा असं आधी ठरलेलं आहे. तो विश्वास एकदा मोडला तर उद्या खरोखर शरण येणाऱ्यालाही गोळी बसेल. आपल्या स्मृतींनी वेगळ्या वाटेने तीच सावधगिरी बाळगली होती. जीव वाचवण्यासाठी दिलेली खोटी साक्ष मनु आणि याज्ञवल्क्य यांनी क्षम्य मानली, पण तिला प्रायश्चित्तही सांगितलं. परवानगी आहे, फुकट नाही.

‘नरो वा कुंजरो वा’ हा प्रसंग म्हणूनच जास्त बोचतो. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, त्यामुळे शब्दांत खोट काढता येत नाही. पण आपला मुलगा अश्वत्थामाच मेला का, याची खात्री करून घ्यायला द्रोणाचार्यांनी युधिष्ठिरालाच का विचारलं? हा माणूस त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटं बोलणार नाही, या भरवशावर. नेमका तोच भरवसा वापरून त्यांना शस्त्र खाली ठेवायला लावलं. युद्धात हुलकावणी चालते, मान्य. पण हे पांढरं निशाणच होतं. महाभारतकारांनी युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ त्या क्षणी खाली आणला आणि शेवटी त्याला नरकाचं दर्शनही घडवलं. ‘मी शब्दशः खोटं बोललोच नाही’ असं म्हणणाऱ्या आजच्या जाहिरातदारांनी, वकिलांनी आणि प्रवक्त्यांनी तो अध्याय वाचावा. अर्ध्या खऱ्यात ऐकणाऱ्याची फसवणूक पूर्ण असते, आणि बोलणाऱ्याला वर स्वच्छ वाटतं.

किरकोळ खोट्यावर फार वेळ घालवायला नको. ‘भाजी छान झालीय’, ‘छे, त्रास कसला’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ही वाक्यं बोलणारा आणि ऐकणारा दोघंही त्यांची किंमत जाणतात; इथे कुणाचा विश्वास गहाण पडलेला नसतो. ‘पाच मिनिटांत पोचतो’ मात्र या यादीत घालू नका. ते ऐकणारा खरोखर पाच मिनिटं मोजत रस्त्यावर उभा असतो.

सर्वांत अवघड जागा रुग्णाच्या खाटेशी आहे. ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांच्या जिन्यांत रोज बोललं जात असेल. त्यामागे लोभ नाही, माया आहे. परदेशातही पूर्वी हेच होत असे. १९६१ साली शिकागोतल्या डॉक्टरांच्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अवघ्या १८ वर्षांत माणसांची मनं काही पोलादी झाली नव्हती. उपचार सुधारले होते आणि रुग्णाला विचारण्याची पद्धत आली होती. आपल्याकडे आजार एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो, निर्णयही घर घेतं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण घराने निर्णय घेणं वेगळं आणि घरातल्या एकालाच अंधारात ठेवणं वेगळं. शिवाय तो अंधारात नसतोच बहुधा. वाढत जाणारे कागद, कुजबुज, एकाएकी भेटायला येणारे नातेवाईक, हे त्याला दिसतं. मग तोही आपल्याला काही कळलं नाही असं सोंग घेतो, आणि दोन्ही बाजू एकमेकांपासून तेच लपवत राहतात. टॉलस्टॉयच्या १८८६ सालच्या कादंबरिकेत मरणाला टेकलेल्या इव्हान इलिचला दुखण्याइतकंच हे भोवतालचं खोटं छळतं. आपल्या रुग्णाचंही मृत्युपत्र करायचं राहतं, भावाशी अबोला सोडायचा राहतो. पुढे कळलं तर तक्रार करायला त्याच्याकडे भरपूर जागा आहे, फक्त वेळ नाही.

खरं सांगणं म्हणजे अहवाल तोंडावर फेकणं, असा यात एक गैरसमज असतो. वाईट बातमी कशी सांगावी याची ‘स्पाइक्स’ नावाची पद्धत २००० साली मांडली गेली आणि आता डॉक्टरांना शिकवली जाते. तिच्या सहा पायऱ्यांतली तिसरी पायरी अशी, की निदान सांगण्याआधी रुग्णालाच विचारायचं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं सांगू, की मुलीशी बोलू? एखादे आजोबा ‘तिच्याशीच बोला’ म्हणाले, तर न सांगणं हीच त्यांची इच्छा ठरते आणि कुणाला खोटं बोलावं लागत नाही. ‘थोडं खोटं रुग्णाच्या भल्याचंच असतं’ या युक्तिवादाचा शेवटचा आधार म्हणजे प्लासिबो, औषध म्हणून दिलेली साधी गोळी. ती फसवल्याशिवाय लागू पडत नाही असं सगळे धरून चालले होते. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी आतड्यांच्या विकाराच्या ८० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि यात औषध नाही हे स्पष्ट सांगितलं. उरलेल्यांना गोळ्याच दिल्या नाहीत. गोळ्या न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं, आणि आपण काय गिळतोय हे ठाऊक असलेल्यांपैकी ५९ टक्क्यांनी.